उतारावर लावलेला ट्रॅक्टर: थंडीत जुनं डिझेल इंजिन का अडतं?

आमच्याकडं कुणाच्या ट्रॅक्टरची तब्येत कशी आहे हे विचारावं लागत नाही. रात्री तो कुठं लावलाय तेवढं बघायचं. गोठ्याशेजारी सपाटीला उभा असेल तर बरा आहे. घर सोडून लांब, देवळामागच्या उतारावर, चाकाला दगड लावून उभा असेल तर समजावं, की हा सकाळी सेल्फवर (बॅटरीवरच्या स्टार्टर मोटरवर) उठत नाही, उतारावरून सोडून चालू करावा लागतो. उन्हाळ्यात असे गावात एक-दोन असतात. दत्तजयंती झाली की उतारावर जागा मिळत नाही.

पलूस-वाळव्याच्या पट्ट्यात हीच नेमकी उसाची धांदल. टोळी पहाटेच फडात उतरलेली असते, रात्री भरलेली ट्रॉली उजाडायच्या आत रस्त्याला लागायची असते, आणि तिला ओढायला ठेवलेलं २५-३० वर्षांचं इंजिन ‘खुर्र… खुर्र… खु…’ करून गप्प बसतं. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांचं दुखणं वेगळं नाही. भुरीची फवारणी ट्रॅक्टरच्या मर्जीवर लांबवता येत नाही. मग जमलेल्यांतला प्रत्येक जण डॉक्टर होतो. एक म्हणतो बॅटरी बदल, दुसरा म्हणतो नोझल गेलं, तिसरा काही न बोलता खिशातून काड्याची पेटी काढतो.

माझा जुना ३५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर लागोपाठ तीन हिवाळे असा अडला. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं आणि तिन्ही वेळा मी आधी चुकीच्या जागी पैसे घातले. म्हणून आधीच सांगतो, आपल्याकडच्या थंडीला फार दोष देऊ नका.

आपली थंडी ती केवढी? सांगली-साताऱ्यात कडाक्याची पहाट म्हणजे १० अंशांच्या आसपास, एखाद्या दिवशी त्याखाली. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की त्याचे फोटो छापून येतात, इतकी ती गोष्ट दुर्मिळ. खरी थंडी लडाखात. तिथं साधं डिझेल गोठतं, म्हणून इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं खास डिझेल आणलं. आपल्याकडं डिझेल टाकीत गोठून बसत नाही. आपल्या पहाटेला धडधाकट डिझेल इंजिन दोन-तीन फेऱ्यांत लागलंच पाहिजे. लागत नसेल तर कुठंतरी दुखणं आहे. ते उन्हाळ्यातही असतं, फक्त उन्हाळ्यात ते निभावून जातं.

पेटतं कशावर?

पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकायला प्लग असतो. डिझेल इंजिनात तसलं काही नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं १८९३ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं आणि १८९७ मध्ये जे नीट चालवून दाखवलं, त्यातली मूळ युक्ती हीच: हवा एवढी दाबायची, की ती दाबानंच तापली पाहिजे, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा. काडी ओढायचीच नाही.

ज्यांनी विहिरीवरचं जुनं किर्लोस्कर इंजिन हँडल मारून चालू केलंय त्यांना हे शब्दात सांगायला नको. आधी वरचा खटका उचलायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि हवा दाबली जात नाही. मग हँडल मारून फ्लायव्हील चांगलं पळवायचं. वेग आला की खटका सोडायचा. हवा दाबली जाते, ‘ढप्’ होतं आणि इंजिन धरतं. खटका लवकर सोडला तर फ्लायव्हील अडतं, हँडल हाताला हिसका देतं. त्या एका क्रियेत दोन्ही गोष्टी आल्या: दाब हवा आणि वेग हवा. ट्रॅक्टरात हँडलच्या जागी सेल्फ आहे, एवढाच फरक.

थोडा हिशेब करू. सिलिंडरभर हवा दाबून तिची जागा सतराव्या हिश्श्याएवढी केली, तर २७ अंशांची हवा कागदावर ६६० अंशांच्या आसपास जाते. तीच हवा पहाटेची १० अंशांची असेल तर ६०५ च्या आसपास. डिझेल साधारण २१० ते २५० अंशांच्या पुढं आपोआप पेट घेतं. म्हणजे थंडीतसुद्धा भरपूर माया शिल्लक आहे. मग अडतं कुठं?

अडतं ते कागद आणि लोखंड यांच्यामधल्या फरकात. हा हिशेब एक थेंब हवा न गळता आणि जराही उष्णता न जाता केलेला आहे. रात्रभर गार पडलेली लायनरची (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याची) भिंत आणि पिस्टनचं डोकं दाबल्या हवेची उष्णता ओढून घेतं. पिस्टनभोवतीच्या झिजलेल्या रिंगांतून हवा निसटते. आणि सेल्फ जितका हळू फिरेल तितका दोन्ही चोरांना जास्त वेळ मिळतो. इंजिन मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे फिरलं तर हवा तापते. ‘खुर्र… खुर्र…’ करत साठ-सत्तर फेरे फिरलं तर तीच हवा, त्याच दाबात, कोमट राहते. जुन्या इंजिनात सकाळच्या दुखण्यांची सुरुवात इथूनच करायची असते. नोझलपासून नाही, वेगापासून.

आधी धुराकडं बघा

पाना हातात घ्यायच्या आधी एकाला सेल्फ मारायला बसवा आणि आपण सायलेन्सरकडं बघत उभं राहा. एवढ्यानं निम्मं निदान होतं.

सेल्फ चांगला जोरात फिरतोय आणि सायलेन्सरमधून काहीच येत नाही, धूर नाही की वास नाही: डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पंप, फिल्टर, एअर (पाइपात शिरलेली हवा), स्टॉपची केबल, यांतलं काहीतरी. अशा वेळी हीटर आणि बॅटरीच्या मागं लागण्यात अर्थ नाही.

पांढरा धूर भकाभका येतोय, डोळ्यांत झोंबतोय, कच्च्या डिझेलचा वास येतोय: डिझेल पोचलंय, पण पेटत नाही, नुसती वाफ होऊन बाहेर पडतंय. म्हणजे उष्णता कमी पडते. वेग, हीटर, कॉम्प्रेशन (हवा दाबली जाणं), टायमिंग (डिझेल फवारायची वेळ), नोझल (डिझेल फवारणारं तोंड) यांच्याकडं बघायचं. नुसतं पाणी वाफ होऊन येतं तेव्हाही सकाळी धूर पांढरा दिसतो, पण तो लगेच विरतो आणि डोळ्यांत जात नाही. इंजिन तापल्यावरही पांढरं येत राहिलं आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी, पण तो वेगळा विषय.

लागताना काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते. जुन्या ट्रॅक्टरांना तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. त्यात कुणीतरी खुणेच्या वर तेल भरलेलं असतं, नाहीतर गिअर बॉक्सचं जाड तेल ओतलेलं असतं, आणि गारठ्यात ते गुळाच्या काकवीसारखं होतं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. त्याचं शेवटी बोलू.

लाइट लख्ख लागते, मग बॅटरी कशी गेली?

माझा पहिला हिवाळा यात गेला. सेल्फ सुस्त फिरायचा. हेडलाइट मात्र लख्ख. म्हणून आधी मी बॅटरीवर शंकाच घेतली नाही, आणि घेतली तेव्हा थेट नवीनच आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ‘खुर्र… खु…’.

स्टँडजवळच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पान्यांची पिशवी खाली ठेवली ती उघडलीच नाही.

“मारा सेल्फ.”

मी दहा सेकंद मारला.

“आता हिकडं या. हिथं हात लावा.”

बॅटरीची निगेटिव्ह तार जिथं गिअर बॉक्सच्या घराला बोल्टनं आवळलेली होती, तिथं त्यांनी माझं बोट नेऊन टेकवलं. बोट मी झटकन मागं घेतलं. बाकी सगळं लोखंड बर्फासारखं गार आणि तेवढी टिकली तापलेली.

“खंडेनवमीला रंग दिल्ता न्हवं?”

दिला होता. तार सोडून, सगळं घासून पुसून लाल रंग मारला होता आणि मग त्या ताज्या रंगावरच तार परत आवळली होती. रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढा मिळेल तेवढ्या वाटेनं तो जात होता. काचपेपरनं दोन बोटं जागा चकचकीत घासली, तारेचं टोक घासलं, आवळलं, वरून ग्रीस लावलं. सेल्फ असा फिरला की दारातली कुत्री उठून पळाली. नवीन बॅटरीची पावती अजून माझ्या कपाटात आहे.

यामागचं गणित सोपं आहे. हेडलाइटचा एक बल्ब पाचेक अँपिअर करंट ओढतो. सेल्फ ओढतो दोनशे-तीनशे, गारठ्यात जाड झालेल्या ऑइलमध्ये त्याहूनही जास्त. आता जोडात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आहे असं धरा. पाच अँपिअरला तिथं ०.०५ व्होल्ट पडतात, बल्बला कळतही नाही. तीनशे अँपिअरला त्याच जोडात ३ व्होल्ट खर्च होतात. बारातले तीन वाटेतच गेले, सेल्फला नऊ पोचले. म्हणून लाइट लागते हा सेल्फच्या बाबतीत पुरावा नाही.

साधा मल्टिमीटर असेल तर बॅटरीची दोन्ही टोकं मोजा. रात्रभर उभी असलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. मग सेल्फ फिरत असताना बघा. साडेनऊच्याही खाली गेली तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जाम होऊन प्रमाणाबाहेर ओढतोय. बॅटरीवर अकरा टिकून आहेत आणि सेल्फच्या बोल्टवर आठच येतायत, तर मधली तार खाते. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारला आणि अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं, तर अर्थिंगचा, म्हणजे निगेटिव्ह तारेचा, जोड खराब. मीटर नसेल तर मिस्त्रींचं बोट आहेच: सेल्फ मारल्यावर जो जोड तापतो तो दोषी. टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुऊन काढा. दुसऱ्या बॅटरीवरून जोडणी करताना एवढं बघा, की काही जुन्या परदेशी बनावटीच्या मशिनना पॉझिटिव्ह तार अंगाला असते. सवयीनं उलटं जोडलं तर डायनामोचं काम निघतं.

तारा चांगल्या, बॅटरी चांगली, तरी सुस्त? मग सेल्फचे कार्बन आणि बुश. बुश झिजले की आतला आर्मेचर कडेला घासतो आणि करंट नुसता उष्णतेत जातो.

आणि फुकटातला उपाय: सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबा. क्लच न दाबता सेल्फ मारला, की तो इंजिनासोबत गिअर बॉक्सचे दातरेही फिरवतो, तेही गारठलेल्या जाड तेलात. न्यूट्रल असलं म्हणून काय झालं, शाफ्ट फिरतोच. इंजिन ऑइलही बघा. नुसतं ४० नंबरचं ऑइल पहाटे मधासारखं ओघळतं. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० त्या मानानं पातळ राहतं. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नये, मग अर्धा-एक मिनिट थांबावं. सेल्फची गुंडाळी त्यातच जळते.

एअर घेतली

दुसऱ्या हिवाळ्यातलं दुखणं जास्त फसवं. ट्रॅक्टर पहिल्या सेल्फला लागायचा, आठ-दहा सेकंद चालायचा आणि मान टाकायचा. मग कितीही मारा.

टाकीतून निघालेलं डिझेल फीड पंपाकडं, तिथून फिल्टरांतून मुख्य पंपाकडं आणि पंपातून हाय प्रेशर पाइपानं नोझलला जातं. फीड पंपाच्या अलीकडचा भाग ओढणारा आहे, पलीकडचा ढकलणारा. ढकलणाऱ्या बाजूला गळती असेल तर डिझेल टपकतं, दिसतं. ओढणाऱ्या बाजूला बारीक फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून बाहेरून सगळं कोरडं ठक्क. रात्रभर ट्रॅक्टर उभा राहिला की त्या फटीतून हवा शिरते, पाइपातलं डिझेल सावकाश टाकीत उतरतं. सकाळी पंपात उरलेल्या घोटभर डिझेलवर इंजिन लागतं आणि हवेचा बुडबुडा पोचला की बंद पडतं. डिझेल दाबता येत नाही, हवा दाबता येते. पंपानं कितीही दाबलं तरी बुडबुडा नुसता आखडतो आणि नोझल उघडत नाही.

ओळखायची खूण सोपी. सकाळी सेल्फ मारायच्या आधी फीड पंपाचा हातानं चालवायचा खटका वीस-पंचवीस वेळा चालवा. असं केल्यावर लागला आणि चालू राहिला, तर एअर घेतोय हे पक्कं. खटका हाताला पोकळ लागला, दाबच येईना, तर घाबरू नका. आतला कॅम नेमका वर येऊन थांबलेला असतो. सेल्फला एक झटका देऊन इंजिन जरा फिरवा, खटका जिवंत होतो. फट कुठं आहे ते शोधायला फीड पंपाच्या अलीकडं हातभर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी तात्पुरती जोडा. बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

बहुतेक वेळा चोर निघतो तांब्याचा वॉशर. फिल्टर बदलताना तोच जुना, दबून कडक झालेला वॉशर परत घातलेला असतो. नवा आठ-दहा रुपयांना येतो, पण रविवारी पहाटे दुकान उघडं नसेल तर जुनाच वॉशर गॅसवर लाल होईस्तोवर तापवा आणि पाण्यात टाका. तांबं मऊ पडतं आणि पुन्हा नीट बसतं. लोखंडाला पाण्यात टाकलं की ते कडक होतं, तांब्याचं उलटं. हे मला वयाच्या चाळिशीत कळलं याची जरा लाजच वाटते.

एअर काढायचा क्रम टाकीकडून नोझलकडं. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, खटका चालवत राहा, आधी फेस येईल, मग सलग धार. धार चालू असतानाच आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. शेवटी नोझलकडच्या पाइपांचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारायचा, डिझेल उडालं की आवळायचे. इथं तोंड आणि हात लांब. जुन्या नोझलचाही दाब दीडशे-दोनशे बारच्या घरात असतो. बारीक फटीतून सुटलेली धार कातडी भेदून आत जाते आणि जखम वरून टिचभर दिसते. असं झालंच तर घरगुती मलमपट्टी न करता तडक दवाखाना.

फिल्टरच्या वाटीतलं पाणीही काढा. अर्धी रिकामी टाकी गारठ्यात राहिली की आतल्या हवेतलं बाष्प पत्र्याला दव धरतं आणि खाली जमतं. संध्याकाळी टाकी भरून ठेवायची, रिकामी ठेवून सकाळी भरायची नाही.

स्टॉपची केबल तपासायला मात्र विसरू नका. इंजिन बंद करताना ओढलेली दोरी गंजून किंवा ग्रीस आळून पूर्ण आत जात नाही आणि पंपाला आपण ‘बंद’ असंच सांगत राहतो. एकदा सगळे पाइप सोडून, हातपाय डिझेलनं माखून झाल्यावर शेजारच्या पोरानं ती आत ढकलली. त्यावर अजूनही चहा मागतो.

हीटर: एक माळ आणि एक ज्योत

बॉनेटवर ‘डीआय’ अशी अक्षरं असतात. त्याचा अर्थ डायरेक्ट इंजेक्शन: नोझल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारा मारतं. त्याआधीच्या काही इंजिनांत, जसं जुन्या बी-२७५ ट्रॅक्टरमध्ये, डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पेटायचं. खोली म्हणजे जास्त भिंती, जास्त भिंती म्हणजे जास्त उष्णता जाणार, म्हणून त्या खोलीत हीटर प्लग. जुने प्लग एकापाठोपाठ एक जोडलेले असत, दिवाळीच्या माळेसारखे. एक गेला की सगळे विझले. म्हणून चारही प्लग एकदम बदलायच्या आधी एकेक काढून तपासा. बिघडलेला बहुतेक एकच असतो. तारेतलं एखादं टोक तुटलेलं असलं तरी लक्षणं अगदी हीच.

डीआय इंजिनांत प्लगऐवजी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीत, थर्मोस्टार्ट बसवलेला असतो. ही मोठी गमतीची वस्तू आहे. चावी हीटवर धरली की आतली तार तापते, तापल्यानं एक बारीक व्हॉल्व्ह उघडतो, त्यातून डिझेल टपकतं आणि तारेवर पेट घेतं. मॅनिफोल्डच्या आत खरोखरची ज्योत लागते आणि इंजिन ती गरम हवा ओढून घेतं. पण ज्योतीला डिझेल मिळायला हवं. त्याची बारीक नळी चोंदलेली किंवा कुणीतरी चेपून बंद केलेली असते, तार नुसती तापत राहते. पंधरा-वीस सेकंद हीट देऊन मग सेल्फ मारायचा आणि लगेच मॅनिफोल्डला हात लावून बघायचं. गार असेल तर ज्योत लागलेली नाही.

थ्रॉटल कुठं ठेवायचा हे पंपावर ठरतं. बऱ्याच रोटरी पंपांना गारठ्यात पूर्ण थ्रॉटल लागतो, लागल्याबरोबर कमी करायचा. काही उभ्या पंपांवर जास्त डिझेलचं बटण असतं, ते दाबून घ्यायचं.

काड्याची पेटीवाला

आता त्या तिसऱ्या गृहस्थाकडं वळू.

एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं हे थर्मोस्टार्टचंच काम हातानं करणं झालं, पण थर्मोस्टार्टच्या शेजारी वाटीभर तेल उघडं नसतं. क्लीनरला आग लागलेली मी पाहिली आहे. सम्पखाली (इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्याखाली) पाचट पेटवणं तर त्याहून भयंकर. वर डिझेलची टाकी, शेजारी वाळलेला फड.

इथरचा स्प्रे फार कमी तापमानाला पेटतो, म्हणून मेलेलं इंजिनही ओरडून उठतं. पण तो पिस्टन वर यायच्या आधीच भडकतो आणि पिस्टनला उलटा तडाखा देतो. रिंगा तुटतात, कधी पिस्टनच तडकतो. आणि हीटर किंवा थर्मोस्टार्ट चालू असताना स्प्रे मारला तर स्फोट मॅनिफोल्डमध्येच. एकदा सवय लागली की इंजिन त्याच्याशिवाय उठत नाही असं लोक म्हणतात. खरं तर स्प्रेनं रिंगांची उरलीसुरली पकड गेलेली असते.

गरम पाणी मात्र मला पटतं. रेडिएटर आणि ब्लॉकमधलं पाणी रात्री सोडून द्यायचं, सकाळी अंघोळीला चालेल एवढं गरम ओतायचं. उकळतं नाही, गार ब्लॉकला तडा जाईल. हेडच्या आसपासचं लोखंड कोमट झालं तरी हवेची उष्णता चोरीला जायचं प्रमाण चांगलंच घटतं. रेडिएटरवर ‘पाणी नाही’ अशी चिठ्ठी लावा, नाहीतर घरातलंच कुणीतरी तसाच चालू करतं.

टोचन करायचंच, म्हणजे दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून चालू करायचंच असेल तर लोखंडी साखळीनं, खालच्या हुकाला, वरच्या गिअरमध्ये, आणि मधल्या पट्ट्यात कुणी उभं नाही हे बघून. मागच्या ट्रॅक्टरनं धरलं की तो उसळून पुढच्यावर येतो.

फवारा की धार

एवढं सगळं करूनही पांढरा धूरच येत असेल, तर राहिले नोझल आणि कॉम्प्रेशन. नोझलचं द्राक्षवाल्याला सांगायला नको. फवारणीचं नोझल झिजलं की धुकं पडायचं थांबतं आणि धार लागते. पानावर औषध बसत नाही, ओघळतं. इथंही तेच. धुक्याचा बारीक कण चटकन तापून पेटतो, धारेचा थेंब पिस्टनवर पडून ओघळतो. पंप-नोझलवाल्याकडं टेस्टिंग मशिनवर पाच मिनिटांत दिसतं.

ओघळलेलं डिझेल आणखी एक घोटाळा करतं. ते लायनरवरचं ऑइल धुऊन टाकतं. रिंगा आणि लायनरमधली बारीक फट ऑइलच्या थरानं बुजलेली असते. तो गेला की कॉम्प्रेशन आणखी उतरतं. म्हणून पेटतच नसेल तर पाऊण तास सेल्फ मारत बसून इंजिन मऊ होत नाही, बिघडत जातं.

कॉम्प्रेशन तपासायला नोझल काढून त्या भोकात गेज लावतात. आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक बघा. एकाचा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, ऑइलनं फट बुजली म्हणून चढला. नाही चढला तर हवा व्हॉल्व्हकडून जाते. रिंगांच्या खर्चाच्या विचारानं झोप उडवून घ्यायच्या आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची फट, बघा. फट कमी राहिली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, आणि ते अर्ध्या तासाचं काम आहे. बऱ्याच जुन्या इंजिनांत ही फट पाव मिलिमीटरच्या आसपास असते. नेमकी किती, ते त्या इंजिनाच्या पुस्तकात असतं.

माझा तिसरा हिवाळा रिंगांचा निघाला. ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर, डिपस्टिकवर खूण रोज खाली, लागताना निळं. मिस्त्रींनी इंजिन बांधायला सांगितलं. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह घासणं. खर्च ऐकून मी उसाचं बिल कधी निघेल ते मोजलं आणि काम एप्रिलवर ढकललं. तोवर दोन महिने माझाही ट्रॅक्टर देवळामागं होता. दोन मोठे दगड, दोन्ही मागच्या चाकांना, उताराच्या बाजूनं. हँडब्रेकवर विसंबायचं नाही, आणि पोरं खेळायला येतात त्या अंगाला तोंड करून लावायचा नाही.